हिरवी खूण

१

रोज सकाळी साडेदहाला मी नव्या नाट्यगृहाचं मागचं दार उघडून आत जायची. नवं म्हणायचं आपलं. बांधून तीन वर्षं झाली होती आणि आत एकही नाटक झालं नव्हतं. स्लॅबखालच्या फळ्या काढल्या त्याच दिवशी बाल्कनी पुढच्या अंगाला चार बोटं खाली बसली आणि छापलेल्या पत्रिका कपाटात ठेवून इमारतीला कुलूप लावावं लागलं. ठेकेदाराने सिमेंट कमी घातलं, असं चौकशीत ठरलं. मग बाल्कनीखाली लोखंडी टेकू उभे राहिले, तळाला पोलादी पट्ट्या ठोकून झाल्या. आता तीस दिवस बाल्कनी जागची हलली नाही असं एकाने सही करून दिलं, की टेकू निघणार आणि रविवारी उद्घाटन होणार. ती सही माझी.

काम अगदी सोपं. बाल्कनीच्या कडेखाली एक उंच स्टँड, त्याच्या डोक्यावर घड्याळासारखी डायल, आणि डायलची पिन बाल्कनीच्या तळाला टेकलेली. काटा एक घर सरकला म्हणजे बाल्कनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी खाली आली. उजेडासाठी एक दिवा आणि वरचं आणीबाणीचं दार उघडं, एवढ्यावर सगळा कारभार. काटा बघायचा, नोंदवहीत लिहायचं, चौकीदाराशी दोन शब्द बोलून ऑफिसला जायचं.

या चौकीदारांना सगळे मामा म्हणायचे. दाराशी खुर्ची टाकून ते दिवसभर रेडिओ ऐकत बसायचे.

"काय मामा, काही विशेष?" मी रोज विचारायची.

"विशेष कसलं बाई? उंदीरसुद्धा कंटाळून दुसरीकडे राहायला गेले."

चोवीस दिवस नोंदवहीत चोवीस शून्यं. पंचविसाव्या दिवशी, सोमवारी, काटा तीनवर होता.

२

मी भुताखेतांवाली बाई नाही. कुणी तसलं काही सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे आधी डायलची काच पुसली. स्टँडचे पाय तपासले. थर्मामीटर बघितला, कालच्याइतकंच तापमान. डायलला बोटाने टिचकी मारली, काटा थरथरला आणि परत तीनवर येऊन थांबला. आता मला माझाच राग यायला लागला. पाच दिवस उरले असताना या मेल्या काट्याला आजच अवदसा आठवायची होती.

मग एक गोष्ट सुचली. मामांना म्हटलं, "जरा वर जाऊन पहिल्या रांगेत बसता का? एका माणसाने काटा किती सरकतो ते बघायचंय."

"फुकटात बाल्कनी! नशीबच उघडलं म्हणायचं," म्हणत मामा जिना चढून गेले. वरून त्यांच्या चपलांचा आवाज आला, खुर्ची कुरकुरली. काटा तीनवरून सहावर गेला.

"उठा आता."

काटा सहावरून तीनवर आला. म्हणजे एक मोठं माणूस म्हणजे तीन घरं. मी वर तोंड करून ओरडले, "मामा, वर आणखी कुणी आहे का?"

"कोण असणार? मीच एकटा. पण बाई, माझ्या शेजारची एक खुर्ची बिघडलीय बघा."

त्या खुर्च्या अशा होत्या, की माणूस उठलं की बसायची फळी आपोआप वर उभी राहायची. जुन्या थिएटरात असतात तशाच.

"बिघडलीय म्हणजे?"

"फळी खालीच राहिलीय. वर ढकलतोय तर हलत नाही."

"स्प्रिंग गंजली असेल," मी म्हणाले. "या खाली."

नोंदवहीत मी शून्य लिहिलं. का लिहिलं? कारण तीन लिहिलं असतं तर लोकांनी कारण शोधलं असतं, आणि शोधता शोधता ते माझ्यापर्यंत आले असते.

३

आता सांगितलंच पाहिजे. सिमेंटला काहीही झालेलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात प्रत्येक नकाशा आणि त्याचा हिशोब दोघांनी तपासायची पद्धत. आधी मोठे साहेब लाल पेन्सिलीने खूण करायचे, त्यांच्या खाली मी हिरव्या. एकोणीस वर्षांत मोठ्या साहेबांची चूक कुणी काढली नव्हती. त्यामुळे पुढेपुढे मी काय करायची, तर लाल खूण दिसली की हिरवी करायची. आकडा न आकडा तपासते असं मी सगळ्यांना सांगायची, आणि खोटं सांगायची.

नाट्यगृहाच्या पहिल्या नकाशात बाल्कनीखाली दोन खांब होते. खांबांमुळे मागच्या लोकांना रंगमंच दिसेना, म्हणून दुसऱ्या नकाशात ते काढून टाकले. पण बाल्कनी किती वजन पेलेल याचा हिशोब खांब आहेत असं धरून केला होता, तो तसाच राहिला. खांब गेलेले मी माझ्या या डोळ्यांनी बघितले होते. मनात आलंही, की हिशोब बदलला का? पण लाल खूण होती. साहेबांनी बघितलं असणार, म्हटलं, आणि हिरवी खूण केली. दहा सेकंदांचं काम होतं ते.

इमारत पुरी व्हायच्या आधीच मोठे साहेब वारले. बाल्कनी बसली तेव्हा मी गुपचूप हिशोब काढून बघितला आणि माझी पाचावर धारण बसली. खापर ठेकेदाराच्या डोक्यावर फुटलं आणि मी अळीमिळी गुपचिळी करून राहिले. त्या पोलादी पट्ट्यासुद्धा सिमेंट कमी आहे असं समजून बसवलेल्या. टेकू काढल्यावर रिकामी बाल्कनी उभी राहिली असती. पण तिच्या पुढच्या रांगा भरल्या असत्या, तर माझ्या हिशोबाने ती तासभरही टिकली नसती. हे मला ठाऊक होतं. तरी मी रोज स्वतःची समजूत घालायची, की हिशोबात थोडा जास्तीचा आधार धरलेला असतोच, निभेल.

त्या सोमवारी संध्याकाळी माझी लेक घरात शिरली ती नाचतच. ती आठवीच्या वर्गाला शिकवते.

"आई, लॉटरी लागली लॉटरी! रविवारी उद्घाटनाला माझ्या वर्गाला बोलावलंय. बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगा! यातल्या निम्म्या पोरांनी अजून नाटक पाहिलेलं नाही गं."

दोरीवरचे कपडे काढायला मी उठले.

"बाल्कनी पक्की आहे ना?" तिने हसत हसत विचारलं. "तूच तपासतेस म्हणा, मग काय."

"हो," मी म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता कपडे आवरायला घेतले.

४

मंगळवारी मी दहालाच गेले आणि डायलसमोर स्टूल टाकून बसले. काटा कालच्या तीनवरच होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो सरकला. तीनवरून पाचवर. मी डोळे चोळले. पाचवरून सात. सातवरून नऊ.

दोन-दोन घरं. मोठ्या माणसाला तीन लागतात, हे मीच काल काढलं होतं. दोन घरांचं वजन कुणाचं असेल, ते डोक्यात यायच्या आत मी दुसरीकडे विचार वळवला. ऊन आलं असेल. पट्ट्यांचे बोल्ट सैल होत असतील. रस्त्यावरून ट्रक गेला असेल. ट्रक दोन-दोन घरं मोजून जात नाहीत, हे मलाही कळत होतं. वर बारीक कुरकुर व्हायची आणि तिच्या मागोमाग काटा सरकायचा. मी नोंदवहीच्या मागच्या पानावर रेघा मारत राहिले. अडतीस रेघा झाल्या आणि सगळं शांत झालं.

"मामा!" मी हाक मारली. "वर कुणाला सोडलंत का?"

"चावी तुमच्याकडे, दार तुमच्यासमोर. मी कुणाला सोडणार?" मामांनी रेडिओ बंद केला होता. "बाई, तुमचा चेहरा असा का झालाय?"

मी जिना चढले. न बघता परत गेले असते तर घरी जाऊन वेड लागलं असतं. वरच्या उघड्या दारातून स्वच्छ ऊन आत आलं होतं. मागच्या सगळ्या खुर्च्यांच्या फळ्या वर उभ्या होत्या. पहिल्या दोन रांगांच्या मात्र खाली. जमिनीवर धुळीचा थर होता आणि त्यात मामांच्या चपलांखेरीज एकही ठसा नव्हता.

मी मोजल्या. एकोणचाळीस. पहिल्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीची फळी किंचित वर-खाली होत होती. बसलेलं पोर पाय हलवत असलं की होते, तशी. मी तिथे उभी राहून ते बघत राहिले. मग पलीकडचीही हलायला लागली, आणि मी कठडा धरून कशीबशी खाली आले.

बाहेर रस्त्यावर येऊन लेकीला फोन लावला.

"तुझ्या वर्गात किती मुलं आहेत गं?"

"अडतीस. का?"

"काही नाही. सहज."

"आई, मी तासावर आहे. सहज काय विचारतेस?"

अडतीस, आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी जागा धरून बसलेली त्यांची शिक्षिका.

५

माणूस किती पटकन खोटं बोलतो, बघा. पाच मिनिटांत मी निमंत्रणं बघणाऱ्या कारकुनाला फोन केला आणि आठवीच्या त्या वर्गात कांजिण्यांची साथ आहे असं ठोकून दिलं. तो बिचारा घाबरलाच. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला.

संध्याकाळी लेक आली ती रडून डोळे लाल करून. "कुणा मेल्याने सांगितलं कांजिण्या म्हणून! पोरांना तोंड कसं दाखवू मी?" मी तिला पाणी दिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, रड बाई, खुशाल रड. जिवंत आहेस ना, रड.

बुधवारी काटा शून्यावर होता. मी अक्षरशः हसले. मामांना म्हटलं, चला, चहा माझ्याकडून. त्यांनी दोन कप रिचवले आणि म्हणाले, "आज स्वारी खुशीत आहे."

अकरा वाजून दहा मिनिटांनी काटा तीनवर गेला. मग सहावर. मग दोन-दोन घरं.

हातातला कप खाली ठेवायचं सुचेना. वर खुर्च्या कुरकुरत होत्या, मामा दाराच्या चौकटीला टेकून छताकडे बघत होते आणि मी रेघा मारत होते. दोन मोठी आणि एकेचाळीस लहान. या वेळी जिना चढायची माझी हिंमत झाली नाही.

"बाई," मामा हळूच म्हणाले, "हे कोण येतंय?"

"वारा आहे," मी म्हणाले.

"वारा असा एकेक करून बसत नाही."

संध्याकाळी लेकीला विचारायला मला दोन तास लागले. भाजी चिरता चिरता विचारलं, तुमच्या जागा कुणाला दिल्या गं?

"पलीकडच्या शाळेला," ती फणकारली. "एकेचाळीस मुलं आणि दोन बाई. त्यांची काय मजा!"

सुरी खाली ठेवून मी मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. माझं पोर वाचलं म्हणून मी त्या दिवशी चहा पाजला होता. लाज वाटली मला, अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

६

गुरुवारी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणजे आत्ताचे साहेब, मोठ्या साहेबांच्या जागी आलेले. टेबलावर दाखला तयार होता.

"सही आत्ताच करून ठेवा. तारीख शनिवारची टाकू. टेकू काढायला माणसं लागतील, ऐनवेळी धावपळ नको."

"सही करणार नाही, साहेब."

"का? काटा हललाय?"

"काट्याचं राहू द्या. हिशोब चुकलाय. बाल्कनीखाली दोन खांब धरलेत, ते तिथे नाहीतच. मोठ्या साहेबांची लाल खूण आहे, खाली माझी हिरवी."

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, मोठे साहेब गेले. ठेकेदाराचं व्हायचं ते होऊन गेलं. आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"एकेचाळीस मुलांचं आणि दोन शिक्षिकांचं."

"हा आकडा कुठून आणलात?"

मी म्हटलं, "पत्र मघाशीच आवक विभागात दिलंय. शिक्का बसलाय. एक प्रत वरच्या ऑफिसला, एक ठेकेदाराला."

साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं. "हे तीन वर्षांपूर्वी बोलला असतात तर?"

"तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

उद्घाटन रद्द झालं, मी निलंबित झाले. सगळं एका दुपारीत. शुक्रवारी सामान ताब्यात द्यायचं म्हणून डायल उतरवायला गेले. काटा पंच्याऐंशीपुढे होता तो माझ्यादेखत उतरायला लागला. दोन घरं, दोन घरं, आणि प्रत्येक वेळी वर खुर्चीची फळी उभी राहिल्याचा ठप्प आवाज. मामा आणि मी शेजारी शेजारी उभे राहून ऐकत होतो. शेवटचे दोन ठप्प तीन-तीन घरांचे. मग काटा शून्यावर आला. मामांनी डोळे पुसले आणि कशाबद्दल पुसले ते त्यांनाही सांगता आलं नाही.

घरी लेकीला सगळं सांगितलं. काट्याचं सोडून सगळं. कांजिण्यांचंसुद्धा. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, चुकलीस. पण बोललीस ते बरं केलंस." त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

७

चौकशी समितीने मला एकच काम सांगितलं. मोठ्या साहेबांची लाल आणि माझी हिरवी खूण असलेले सगळे नकाशे काढा. एकोणीस वर्षांचे.

रेकॉर्डच्या खोलीत मी तीन दिवस बसले. दोन पूल, एक प्रसूतिगृह, पाण्याच्या टाक्या, बाजाराची इमारत. किती खरंच तपासले होते आणि किती नुसते हिरवे केले होते, आता कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी दुपारी एक पातळ फाइल हाती आली. शाळेची इमारत. पहिल्या नकाशात तळमजल्यावर दोन वर्ग आणि मध्ये जाड भिंत. दुसऱ्या नकाशात भिंत काढून एकच मोठी खोली केलेली. हिशोबाची तारीख पहिल्या नकाशाची होती. लाल खूण. खाली हिरवी.

त्या खोलीच्या डोक्यावर माझ्या लेकीचा आठवीचा वर्ग भरतो.

तो शनिवार होता. ऑफिसं बंद झालेली. समितीने मोजमापासाठी परत दिलेली डायल माझ्याकडे होती. रविवारी सकाळी लेकीला उठवलं आणि शाळेच्या चाव्या घ्यायला लावल्या.

"सुट्टीच्या दिवशी काय मोजणार आहेस?" खालच्या खोलीत स्टँड उभा करायला मदत करताना ती म्हणाली. "वर चिटपाखरू नाही."

"नाही तेच हवंय," मी म्हणाले.

पिन छताला टेकवली. काटा शून्यावर आणला. फाटकाला आतून कुलूप, वर्गाला कुलूप, दोन्ही चाव्या माझ्या मुठीत. लेक बाकावर बसून जांभया देत होती. मी मनाशी म्हणत होते, अकरा वाजून वीस मिनिटं होऊ देत, घरी जाऊ, उद्या पत्र देऊ, संपलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी काटा तीन घरं सरकला.

लेक बाकावरून उठून माझ्याजवळ आली. "आई, काटा हलला का गं?"

वर बाक सरकल्याचा आवाज झाला. काटा पाचवर. पुन्हा बाक. सातवर.

"वर कोण आहे?" ती म्हणाली. "पोरं कुठून शिरली? थांब, बघून येते." आणि ती दाराकडे वळली.

या वेळी मी थर्मामीटर बघितला नाही, ट्रक आठवला नाही. तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पहिली तीन घरं जिची, ती इथे माझ्यासमोर उभी होती. तिचा हात गरम होता.

"उद्यापासून ही शाळा भरणार नाही," मी म्हणाले. "पत्र जाईल तेव्हा जाईल. कुलूप मी लावणार, चाव्या माझ्याकडे राहणार. पोलीस बोलाव, काय वाटेल ते कर."

"आई, असं काय करतेस? सोड ना. लागतंय मला."

मी सोडलं नाही.